मदत हवी आहे: वर्गात 'फ्रेमिंग' कसं शिकवू?

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला राजकीय संज्ञापन शिकवतेय. अजेंडा सेटिंग (माध्यमं ज्या विषयांवर भर देतात, तेच लोकांना महत्त्वाचे वाटू लागतात) मुलांना पटकन कळलं: १९६८ची अमेरिकी निवडणूक, चॅपल हिलचे १०० मतदार, मॅकॉम्ब्स आणि शॉ यांचा अभ्यास, एवढं फळ्यावर पुरलं. अडतंय फ्रेमिंगपाशी, म्हणजे एकच घटना कोणत्या शब्दांत नि कोणत्या कोनातून मांडली यावर तिचा अर्थ कसा बदलतो, तिथे. आजच्या दोन पेपरांचे मथळे शेजारीशेजारी चिकटवले, तर पाच मिनिटांत पक्षावरून भांडण. मुद्दा बाजूलाच राहिला.

म्हणून संयुक्त महाराष्ट्राची चळवळ घ्यावी म्हणतेय. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' यातला 'मुंबईसह' हा एकच शब्द केवढं काम करतो!

मुलं ६०, तास ४८ मिनिटांचा, प्रोजेक्टर नाही, वाचन मराठीतूनच. १९५६ ते १९६० मधला एकच प्रसंग दोन्ही बाजूंनी मांडणारे छोटे उतारे कुठे मिळतील? आणि ते हातात दिल्यावर गटांना नेमकं काय करायला सांगू?