उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं: नुसत्या बेरजेवरून संशय घ्यायचा का?

रावपुरा_वाचक:
आपल्या वडोदऱ्यातल्या एका उमेदवाराची २०१९ आणि २०२४ ची संपत्तीची प्रतिज्ञापत्रं काल एक्सेलमध्ये भरली. स्कॅन केलेली पानं, हाताने लिहिलेले गुजराती आकडे. एक नऊ एकासारखा दिसत होता, त्यापायी बेरीज तीनदा चुकली. शेवटी निघालं ते असं: पाच वर्षांत संपत्ती अडीचपट. ही माहिती मिळणं हा मतदाराचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सांगितलंय. दर निवडणुकीला असे तक्ते करून आपण सोसायटीच्या ग्रुपवर टाकायलाच हवेत.

मांडवीकर:
अडीचपट म्हणजे काय हो? १५ एप्रिल २०२३ पासून गुजरातमध्ये जंत्रीचे, म्हणजे सरकारने ठरवलेले जमीन-घरांचे दर दुप्पट झाले, ते २०११ नंतर पहिल्यांदाच. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्याला दहा वर्षांत चुना लागलेला नाही, पण कागदावर किंमत दुप्पट. सोनंही त्या पाच वर्षांत दुपटीवर गेलं. तुमच्या हिशोबाने आमची आईसुद्धा संशयित. असला आकडा ग्रुपवर टाकणं म्हणजे एखाद्याची अब्रू घेणं.

रावपुरा_वाचक:
जंत्रीचं माझ्या लक्षातच आलं नाही. तक्ता अजून कुठे टाकला नाही, हे बरं झालं. मग बेरीज सोडा, ओळ न् ओळ जुळवू. फॉर्म २६ मध्ये, म्हणजे या प्रतिज्ञापत्राच्या नमुन्यात, सर्वे नंबर, खरेदीची तारीख, खरेदीची किंमत असे रकाने आहेत. मागच्या पाच वर्षांचं उत्पन्नही २०१९ पासून द्यावं लागतं. जुनी जमीन बाजूला ठेवायची. नवी घेतली असेल, तर ती त्या उत्पन्नात बसते का, तेवढं बघायचं. सातबारा एनीआरओआर या गुजरात सरकारच्या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतो. आणि सोनं रुपयांत नाही, तोळ्यांत मोजायचं.

सूरसागर_ताई:
ते तोळे कुणाचे, हो? माझी जाऊ वॉर्डातून उभी राहिली होती. महिनाभर हळदीकुंकवाला बायका तिच्या पाटल्यांकडे बघून कुजबुजत होत्या. पुढच्या वेळी तिने अर्जच भरला नाही. फार मोलाची नसेल तर प्रत्येक जंगम वस्तू जाहीर करायची गरज नाही, हे न्यायालयानेच एप्रिल २०२४ मध्ये सांगितलंय. नेत्याचं काय ते बघा, बायकोच्या डब्यात कशाला डोकावता?

मांडवीकर:
ताई, इथे मात्र मी वाचकांच्या बाजूने. जमीन बायकोच्याच नावावर घेतात. कमावत्या मुलाच्या नावावरची तर प्रतिज्ञापत्रात येतसुद्धा नाही.

रावपुरा_वाचक:
ताई, दागिन्यांचा रकाना काढून टाकतो. जमीन राहील, मग ती कुणाच्याही नावावर असो. जुनं सगळं वगळल्यावर एकच नवी ओळ उरलीय: शेतजमीन, खरेदी २०२१. आज तिचा सातबारा काढतो.