पहिल्यांदाच स्वतः घाटातून गाडी नेणार आहे, गणपतीला गावी जायचंय, अनुभव सांगा

सोनचाफा:
नमस्कार मंडळी, मी पुण्यात राहते, वय ५३, लायसन्स काढून वीस वर्षं झाली पण गाडी चालवली ती घर ते ऑफिस, मंडई, आणि फार तर खेड शिवापूरपर्यंत. लांबचं ड्रायव्हिंग कायम ह्यांचं. सासर देवरुखजवळ, घरचा गणपती, लग्न झाल्यापासून एकही वर्ष चुकलेलं नाही. यंदा ह्यांना काचबिंदू निघाला, समोरचं नीट दिसतं पण बाजूचं दिसणं बरंच गेलंय आणि डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही म्हणून स्पष्ट सांगितलंय. मुलगा म्हणतो ड्रायव्हर करा नाहीतर एसटीने जा. पण मला ह्यांना स्वतः न्यायचंय. डॉक्टरांकडून आल्यापासून ते गाडीच्या किल्लीकडे बघतसुद्धा नाहीत आणि ते मला बघवत नाही.

गेल्या रविवारी प्रॅक्टिस म्हणून जुन्या कात्रज घाटात एकटीच गेले होते, तिथे पुढे ट्रक थांबला म्हणून मी पण थांबले आणि परत निघताना गाडी हातभर मागे आली, मागे टेम्पो होता त्याने जो हॉर्न दाबून धरला तो सोडलाच नाही, माझी गाडी दोनदा बंद पडली, हात गार पडले. तर दोन गोष्टी विचारायच्यात. कराडवरून पुढे कुंभार्ली घाट घ्यावा की मलकापूरवरून आंबा घाट? आणि चढावर गाडी मागे जाऊ नये म्हणून नक्की काय करायचं? गाडी पेट्रोल, मॅन्युअल, आठ वर्षं जुनी.

डेपोची_लेक:
ताई आधी एक गोष्ट, तुम्ही चढाची काळजी करताय पण पुण्याहून जाताना तुम्हाला घाट उतरायचाय, मलकापूर घाटमाथ्यावर आणि साखरपा खाली. चढ येईल तो परतीला. म्हणजे जाताना प्रश्न ब्रेकचा आहे, येताना क्लचचा.

माझे वडील चिपळूण डेपोला ड्रायव्हर होते, कुंभार्लीत त्यांची सगळी नोकरी गेली. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्या गाडीला ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून कराडला मावशीकडे जायचे आणि सगळा वेळ त्यांचा पाय बघायचे. जुन्या एसटीला डबल क्लच लागायचा, एकदा दाबून न्यूट्रल, सोडून परत दाबायचा मग खालचा गियर, ते सगळं इतक्या लयीत चालायचं की गियर पडल्याचा आवाजच यायचा नाही. मला गाडी शिकवली तेव्हा त्यांनी एकच वाक्य घोकून घेतलं होतं, ज्या गियरने घाट चढतेस त्याच गियरने उतरायचा. म्हणजे दुसऱ्यावर चढ असेल तर उतरताना पण दुसराच, गाडी इंजिनवर धरायची, ब्रेक फक्त वळणाच्या आधी दाबायचा आणि लगेच सोडायचा, पाय त्यावर ठेवून बसायचं नाही. इंजिन घुंईं करून ओरडेल, ओरडू दे, त्याला काही होत नाही. आणि न्यूट्रलला गाडी काढून पेट्रोल वाचवायचं कुणी सांगितलं तर ऐकू नका, मग गाडीला इंजिनचा धाक राहत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

चढावर थांबलात की आधी हँडब्रेक ओढा पूर्ण, पाय मोकळे करा, श्वास घ्या. मग पहिला गियर, थोडा ॲक्सिलरेटर, क्लच सावकाश सोडत या, एका जागी आल्यावर इंजिनचा आवाज जड होतो आणि बॉनेट बोटभर वर उचललं जातं. तिथे पाय रोखायचा. आता हँडब्रेक सोडला तरी गाडी मागे येत नाही, मग सावकाश पुढे. बॉनेट उचललेलं डोळ्याला दिसतं, ते एकदा ओळखू आलं की भीती जाते. सोसायटीच्या पार्किंगचा रॅम्प असेल तर रात्री तिथे वीस वेळा करा.

मागच्या हॉर्नचं म्हणाल तर तो त्याचा हात आहे, तुमचा पाय नाही. वडील म्हणायचे मागच्याला घाई असेल तर त्याला वाट द्यायची, आपला वेग द्यायचा नाही.

घाटमाथा:
मी शाहूवाडी तालुक्यातला, आंबा आमचा रोजचा. माझं मत आंबा घ्या. कुंभार्लीने गेलात तर पाटण, कोयनानगर करून पोफळीला उतरणार, मग चिपळूण, मग हायवेने संगमेश्वर आणि तिथून परत आत देवरुख, म्हणजे गणपतीच्या गर्दीत मुंबईवाल्यांचा सगळा ओघ तुमच्या अंगावर. आंब्याने साखरप्याला उतरलं की उजवीकडे वळून थेट देवरुख. कराडहून मलकापूरला उंडाळे कोकरूडवरून या. फक्त रत्नागिरी हायवेचं चौपदरीकरण बरीच वर्षं चाललंय, जिथे खोदकाम होतं तिथे पावसात लाल माती रस्त्यावर येते आणि ती साबणासारखी असते, ब्रेक मारलात की गाडी सरळ जाते.

धुक्याचं सांगतो कारण भाद्रपदात आंब्यात धुकं असतंच. हेडलाईट लो वर ठेवायचे, हाय बीम टाकला की धुक्यावरून उजेड परत डोळ्यावर येतो, पांढरी भिंत. चालत्या गाडीत चारी इंडिकेटर लावून जाऊ नका, सगळे लावतात, पण मग मागच्याला कळत नाही तुम्ही थांबलाय की वळताय. डावीकडची पांढरी पट्टी धरून चला. आणि काच आतून धुरकट झाली की फडक्याने पुसत बसू नका, एसी चालू करून हवा समोरच्या काचेवर सोडा, अर्ध्या मिनिटात साफ. दरडीच्या खाली फोटो काढायला थांबायचं नाही, धबधबा कितीही चांगला असला तरी. वरून गढूळ लाल पाणी यायला लागलं, बारीक खडे पडताना दिसले, तर तिथून निघायचं.

वरंध्याचा_धडा:
ब्रेकचं डेपोची_लेक यांनी सांगितलं ते शब्दशः खरं आहे, मी ते न ऐकता शिकलोय. वरंधा घाट, भोरकडून महाडला उतरत होतो, गाडीत आई वडील, बायको, मुलगी, डिकीत सामान, आणि मी तिसऱ्या गियरवर ब्रेक दाबत दाबत उतरतोय कारण इंजिनचा आवाज वाढला की आई घाबरायची. अर्ध्यात जळका वास यायला लागला, मला वाटलं पुढच्या ट्रकचा असेल. मग एका वळणाला ब्रेक दाबला तर पेडल मऊ लागलं, स्पंजवर पाय ठेवल्यासारखं, आणि जवळजवळ खालपर्यंत गेलं. दुसरा टाकला, मग पहिला, हँडब्रेक थोडा थोडा ओढत आणला आणि जिथे जागा दिसली तिथे डोंगराच्या बाजूला गटाराला टेकवून थांबवली. पुढची चाकं एवढी तापली होती की पावसाचे थेंब पडून चर्र आवाज येत होता. मुलगी विचारत होती बाबा का थांबलो आणि मला तोंडातून शब्द फुटेना.

नंतर मेकॅनिकने सांगितलं ब्रेक ऑईल चार वर्षं बदललेलं नव्हतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, तापलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि बुडबुडा दाबला जातो, चाकापर्यंत जोर पोचत नाही. तर ताई गाडी आठ वर्षं जुनी आहे म्हणताय तर जायच्या आधी ब्रेक ऑईल बदलाच, दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, पॅड बघून घ्या, वायपरची रबरं नवीन टाका आणि टायरची नक्षी बघा. वास आला तर थांबायचं, पाणी ओतायचं नाही, अर्धा तास नुसतं गार होऊ द्यायचं.

कळंबोली_ते_कणकवली:
मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. पहिलाच घाट, पाऊस, धुकं आणि गणपतीची गर्दी हे सगळं एकाच दिवशी नको. मी पंचवीस वर्षं मुंबई गोवा हायवेने गणपतीला जातोय. पूर्वी कशेडी घाटात तासन् तास उभे असायचो, आता बोगदा झाल्यामुळे तो घाट टळतो, पण गर्दीतला ड्रायव्हर कसा असतो ते मी बघितलंय, रात्रभर जागलेला, घरी पोचायची ओढ लागलेला, वळणावर ओव्हरटेक करणारा. २०१६ च्या २ ऑगस्टला सावित्रीचा पूल गेला त्याच्या आदल्या आठवड्यात मी त्याच पुलावरून आलो होतो. तेव्हापासून मी अंधारात आणि जोराच्या पावसात कोकणात गाडी घालत नाही, एक दिवस उशीर झाला तर झाला, बाप्पा थांबतो.

म्हणून माझं म्हणणं ड्रायव्हर घ्या असं नाही, पण आधी एकदा गर्दी नसताना, मधल्या वारी, उजेडात जाऊन या. नवऱ्याला बरोबर घ्या. आणि गणपतीला पण पहाटे निघून दुपारच्या आत घाट उतरायचा.

डेपोची_लेक:
हे पटलं. अजून एक, अरुंद जागी समोरासमोर गाड्या आल्या तर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची, हे सौजन्य नाही, नियमच आहे. तुम्ही उतरत असाल तर तुम्ही थांबा. चढणाऱ्या एसटीला वाट दिली की ड्रायव्हर हात वर करतो, अजूनही करतात.

सोनचाफा:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी समोर बसवून सांगितलं नव्हतं. ब्रेक ऑईल बदललं, जुनं निघालं ते चहासारखं काळं होतं. पुढचे दोन टायर पण नवीन घातले. रॅम्पवर रोज रात्री प्रॅक्टिस केली, बॉनेट उचललेलं आता बरोबर कळतं.

आणि काल आम्ही दोघं जाऊन आलो. बुधवार, गर्दी नाही, पहाटे पाचला निघालो. मलकापूरला चहा घेतला तेव्हा हे एक शब्द बोलत नव्हते. आंबा गाव सोडलं आणि धुकं आलं, चार गाड्यांपुढचं दिसेना, मी दुसरा टाकला, लो बीम, एसी काचेवर, तुम्ही सांगितलं तसं सगळं. इंजिन ओरडायला लागलं. आणि हे एकदम सरळ बसले आणि बोलायला लागले, आता डावं वळण, लांब आहे, सोडू नको... आता लगेच उजवं, इथे पाणी आडवं वाहतं, हळू... पुढे कठडा तुटलाय तिथे आतून घे. त्यांना बाजूचं काही दिसत नव्हतं हो, आणि धुक्यात मलाही दिसत नव्हतं, पण तीस वर्षांचा घाट त्यांच्या अंगात आहे. कठडा आता नवीन बांधलाय फक्त, बाकी एक वळण चुकलं नाही. एक एसटी चढत आली, मी कडेला घेऊन थांबले, ड्रायव्हरने हात वर केला, तर ह्यांनी पण केला.

परतीला चढावर दोनदा थांबावं लागलं. पहिल्यांदा गाडी बंद पडली, मागे जीप होती, हॉर्न वाजला, मी हँडब्रेक ओढला आणि नुसती बसून राहिले थोडा वेळ, मग निघाले. दुसऱ्यांदा इंचभरसुद्धा मागे आली नाही.

गणपतीला आदल्या दिवशी पहाटे चारला निघतोय. माटवीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या चौकटीला, बांधायची कवंडळं (रानफळं) आणि हरणं (रानफुलं) गावातच मिळतील पण ह्यांनी आजच यादी करायला घेतलीये, आणि सकाळी गाडी पुसायला स्वतः किल्ली मागून घेतली.