क्षत्रप : मांडलिक, सुभेदार की राजा?

निवडणुका जवळ आल्या की वर्तमानपत्रांत ‘प्रादेशिक क्षत्रप’ उगवतात. हा शब्द ‘छत्रपती’चंच आखूड रूप आहे का, असं बऱ्याचदा विचारलं जातं. नाही. छत्रपती म्हणजे छत्र अधिक पती. ‘क्षत्रप’मधला ‘प’ हा नृप, भूप, गोप यांतला, म्हणजे राखणारा. ‘क्षत्र’ म्हणजे सत्ता, राज्य. विग्रह संस्कृतात चपखल बसतो, पण पदवी आली इराणातून. इराणचा सम्राट दारयवहू (डरायस) याच्या बेहिस्तून शिलालेखात बाख्त्री (बॅक्ट्रिया) प्रांताच्या अधिकाऱ्याला हाच शब्द लावलाय. तिथे अर्थ सरळ आहे: सम्राटाच्या वतीने प्रांत राखणारा. ग्रीकांनी त्याचं ‘सत्रप’ केलं.

आपल्याकडे मात्र अर्थाची गंमत झाली. नाशिकच्या लेणी क्र. १० मध्ये उषवदात स्वतःला ‘क्षहरात क्षत्रप नहपान राजाचा जावई’ म्हणवतो. नहपान हा पश्चिम भारतातला शक सत्ताधीश, क्षहरात हे त्याचं घराणं. राजाही आणि क्षत्रपही! जुन्नरला नहपानाचा अमात्य अयम याचा वर्ष ४६ चा लेख आहे, त्यात धनी ‘महाखतप’, म्हणजे प्राकृतातले महाक्षत्रप, झालेत. आणि नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर? तिथे नुसतं ‘राजा क्षहरात नहपान’, क्षत्रप हा शब्दच नाही. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला अशी तेरा हजारांवर नाणी सापडली. त्यांतल्या बहुतेकांवर नहपानाला हरवणाऱ्या सातवाहन गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. पदवीचा वाद त्याने असा मिटवला म्हणायचा.

पुढे कार्दमकांनी, म्हणजे नंतरच्या क्षत्रप घराण्याने, याची घराण्यातली पायरीच केली. थोरला तो महाक्षत्रप, हाताखालचा मुलगा किंवा भाऊ तो क्षत्रप, आणि नाणी दोघांचीही. त्याच घराण्यातल्या रुद्रदामनच्या जुनागढच्या लेखात (शके ७२, म्हणजे इ.स. १५०) ‘स्वयमधिगतमहाक्षत्रपनाम्ना’ असं विशेषण येतं: महाक्षत्रप हे नाव स्वतः मिळवलेला. आता सुभेदारी कुणी स्वतःची स्वतः मिळवतं का? म्हणजे तोवर वरचा धनी नावालाही उरला नव्हता, तरी पाटी जुनीच राहिली. आपल्या पेशव्यांचंही तेच झालं. शब्द प्रधानाचा, कारभार राज्यकर्त्याचा.

म्हणून शालेय पुस्तकी थाटात ‘क्षत्रप = प्रांताधिकारी’ एवढंच लिहिणं मला अपुरं वाटतं. इराणच्या संदर्भात ते ठीक, पश्चिम भारतात ‘राजा’च म्हणावं.

राहिला वर्तमानपत्री क्षत्रप. तो शिलालेखांतून आलेला नाही, इंग्रजीतल्या ‘सॅट्रॅप’वरून उचललेला दिसतो. पण वापर चुकीचा म्हणवत नाही. दिल्लीतल्या श्रेष्ठींना मान द्यायचा आणि आपल्या मुलखात आपलीच नाणी पाडायची, अशा पुढाऱ्याला तो फिट बसतो. वरती कुणी श्रेष्ठीच नसलेल्या, स्वतंत्र पक्षाच्या संस्थापकाला मात्र क्षत्रप म्हणू नये. आणि ‘छत्रप’ असं तर मुळीच लिहू नका. मराठीत रूढ रूप ‘क्षत्रप’ हेच.