फादर दिब्रिटोंना फक्त संमेलनाध्यक्ष म्हणूनच लक्षात ठेवायचं का?

परळचा_माणूस:
फादर फ्रान्सिस दिब्रिटो 25 जुलै 2024 ला गेले, 81 वर्षांचे होते. त्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यात आहे, आज लिहूनच टाकतो. जिथे बघावं तिथे श्रद्धांजली एकच, उस्मानाबादच्या 93 व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, सुबोध बायबलचे लेखक, झालं. अरे पण हा माणूस वसईत हरित वसई संरक्षण समिती घेऊन रस्त्यावर उतरला होता, तेही अशा काळात जेव्हा बिल्डर आणि दादा लोकांविरुद्ध चारचौघांत बोलायला भलेभले घाबरायचे. माझ्या मते फादरांचं सगळ्यात मोठं काम ते आहे आणि आपण मुंबईवाले ते सोयीस्करपणे विसरतो, कारण ते आठवलं की आपण वसईचं काय केलं तेही आठवावं लागतं. पटत नसेल तर सांगा, भांडू.

जोशी_ठाणेकर:
पटत नाही. फादर चांगले लेखक होते, माणूस म्हणूनही मोठे होते. पण धर्मगुरूने मोर्चे काढायचे का हा प्रश्न उरतोच. उद्या एखादा महाराज मठातून निघून सिडकोविरुद्ध घोषणा द्यायला लागला तर तुम्हीच म्हणाल की धर्म राजकारणात आणतोय. दोघांना एकच नियम लावा ना.

पापडी_टू_चर्चगेट:
काका, नियम आहेच की. फादर लोकांनी निवडणूक लढवायची नाही, पक्षात जायचं नाही, चर्चचा कायदाच आहे तसा. आणि हरित वसईत फक्त आम्ही ख्रिस्ती नव्हतो, बाकीचे शेतकरी, बागायतदार, सगळे होते. विहिरी टँकरवाले उपसून न्यायला लागले, बागा सुकायला लागल्या, तेव्हा लोक फादरकडे गेले कारण गावात ऐकून घेणारं दुसरं कोण होतं? दिब्रिटो 1972 ला फादर झाले. व्हॅटिकन कौन्सिल, म्हणजे जगभरच्या बिशपांची मोठी परिषद, 1965 ला संपली होती, लॅटिन जाऊन मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लोकांच्या भाषेत सुरू झाली होती. त्या पिढीच्या फादरांना वेदीवरून मराठीत बोलता आलं, मग माणसं मराठीतच गाऱ्हाणी पण सांगणार ना, फक्त पापाची कबुली थोडीच देणार 😄

सोपारा_फास्ट:
आता मी बोलतो, आणि कुणाला राग आला तरी चालेल. माझे वडील गिरणीत होते. 82 चा संप झाला, पुढे गिरणी गेली, लालबागची खोली भावाभावांत वाटली गेली आणि आमच्या वाट्याला जे पैसे आले त्यात मुंबईत संडास पण आला नसता, म्हणून आलो नालासोपाऱ्यात. पाणी टँकरचं, रस्ता नाही, पावसात घरात गुडघाभर. आम्ही हौसेने नव्हतो आलो. आणि तिकडे पश्चिमेला केळीच्या बागावाले हिरवा पट्टा वाचवा म्हणतायत. कुणाचा पट्टा? ज्याची जमीन आहे त्याचा. फादर देवमाणूस असतील, नाही म्हणत नाही, पण त्या आंदोलनात आमच्यासारख्याला जागा कुठे होती ते सांगा आधी.

परळचा_माणूस:
हा मुद्दा खरा आहे, टोलवत नाही. पण बघ, तुझ्या वडिलांना मुंबईतून बाहेर कुणी काढलं? गिरण्यांच्या जमिनीवर आज माझ्या खिडकीतून टॉवर दिसतात. तिथे कामगारांना घरं धड दिली असती तर वसईच्या वाड्या भरायची वेळच आली नसती. म्हणजे वसईच्या शेताच्या आणि परळच्या गिरणीच्या जमिनीवर डोळा ठेवणारी जात एकच, आणि फादर भांडत होते ते त्यांच्याशी. मिठागरं आणि सखल जमिनी भरल्या की पाणी जाणार कुठे, हे समितीवाले आधीपासून ओरडत होते. जुलै 2018 आठव, नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली आणि वसई-विरार गाड्या बंद. बुडलं कोण, तूच ना?

सोपारा_फास्ट:
बुडलो मीच. म्हणून मी तेव्हाच राहायला नको होतं असं आहे का? 1990 ला सरकारने सिडकोला वसई-विरारच्या नियोजनाला बसवलं तेव्हा भांडण "बांधूच नका" याऐवजी "नीट बांधा, गरिबाला द्या" असं झालं असतं तर मी पण मोर्च्यात आलो असतो.

भगवा_वादळ_77:
बायबल मराठीत आणणाऱ्याला संमेलनाध्यक्ष केलं तेव्हाच विरोध झाला होता. हेतू काय ते सगळ्यांना माहितीये.

दादर_लायब्ररी:
फादर स्टीफन्सने 1616 मध्ये मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण छापून आणलं, चारशे वर्षं झाली, अजून हेतूच शोधताय? आणि 2020 च्या जानेवारीत हा माणूस पाठीचं दुखणं घेऊन, व्हीलचेअरवरून उस्मानाबादला गेला आणि अभिव्यक्ती स्वातंत्र्यावर जे बोलायचं ते बोलून आला. विरोध करणाऱ्यांनी ते भाषण वाचलंय का हा खरा प्रश्न.
बाकी धागाकर्त्याशी मी सहमत नाही. लेखक वेगळा, कार्यकर्ता वेगळा असं कापता येत नाही. 1983 ते 2007 त्यांनी सुवार्ता मासिक चालवलं, चर्चच्या मासिकात इतर धर्मांचे लोक लिहायला लागले, वाचायला लागले. वसईबाहेरच्या वाचकाला ते भेटले ते या लिखाणातून. नुसते मोर्चे काढले असते तर आज परळमध्ये बसून तुम्ही त्यांच्यावर धागा काढला असता का?

पापडी_टू_चर्चगेट:
हे बरोबर आहे. माझ्या आजीला हरित वसईचा ठराव बिराव काही माहीत नव्हतं, सुवार्ता मात्र चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचायची.
सोपारा दादा, तुम्हाला एक सांगते. समितीत बागायतदार जास्त होते हे खरंय, आमच्या घरात पण त्यावरून वाद व्हायचे. 2009 ला वसई-विरार महानगरपालिका झाली, चार नगरपरिषदा आणि 53 गावं एकत्र, तेव्हा "गावं वगळा" म्हणून आम्ही ओरडलो, पण शहरातल्या भाडेकरूंना सोबत घेऊन कुणी बसलं नाही, हे पण खरं. फक्त टँकर भरले जात होते ते आमच्याच विहिरींतून, आणि तुम्हाला विकत होते दामदुप्पट. आपण दोघं एकाच माणसाला पैसे आणि पाणी देत होतो.

जोशी_ठाणेकर:
विषय फादरांचा होता, पाण्यावर आला.

सोपारा_फास्ट:
फादरांचा विषय पाणीच होता ना, काका.
ताई, टँकरचं मान्य. आता आमच्या नळाला सूर्या धरणाचं पाणी येतं, जे मुळात डहाणू-पालघरच्या आदिवासींच्या शेतीला द्यायचं होतं. त्यांच्या बाजूने आता कोण बोलतंय? तुमच्या समितीपैकी कोणी असेल तर नंबर इथे नको, मेसेज करा, येतो मी.