घरच्या सरावासाठी दणकट म्युझिक स्टँड सुचवा

मंडळी, लेक व्हायोलिन शिकते, पाश्चात्त्य पद्धतीचं, त्यामुळे वाजवताना समोर नोटेशन, म्हणजे लिहिलेल्या सुरांची पानं, लागतातच. सध्या तारेचा घडीचा स्टँड आहे. ग्रेडचं (संगीत परीक्षेच्या पातळीचं) जाड पुस्तक ठेवलं की वरचा भाग हळूहळू मान टाकतो. स्क्रूचे आटे गेलेत, कितीही आवळा. त्यात पंखा लावला की पानं उडतात, मग चिमटे शोधा! ऑर्केस्ट्रात असतो तसा अखंड पत्र्याचा घ्यावा म्हणते. पण त्याची घडी होत नाही आणि आमची खोली दहा बाय दहा. शिवाय तिची उंची वाढतेय, म्हणजे वरखाली नीट व्हायला हवा. पुण्यात प्रत्यक्ष हाताळून कुठे घेता येईल? लाकडी कुणी वापरलाय का? ऑनलाइन फोटोत काय, सगळेच दणकट दिसतात.