मदत हवी आहे: जॅक नसलेल्या टीव्हीला वायरलेस हेडफोन कसा जोडायचा?

नमस्कार मंडळी. बाबांना हल्ली कमी ऐकू येतं. ते बातम्या लावतात तेव्हा आवाज पार जिन्यापर्यंत जातो, आणि आतल्या खोलीत मुलीचा दहावीचा अभ्यास चालू असतो. दोघांचंही बरोबर आहे, म्हणून हेडफोन घ्यायचा ठरवलाय.

अडचण अशी की टीव्हीला हेडफोनचा जॅक नाही, ब्लूटूथही नाही. मागे एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज बाहेर देणारं एचडीएमआय) आणि ऑप्टिकल आउट (प्रकाशाच्या केबलने आवाज बाहेर देणारं) आहे, त्या चौकोनी भोकातून लाल उजेड दिसतो. ऑप्टिकलला ब्लूटूथ ट्रान्समीटर लावायचा आणि टीव्हीचा ऑडिओ पीसीएमवर (साधा, न दाबलेला डिजिटल आवाज) ठेवायचा, एवढं समजलंय. पण साध्या ब्लूटूथवर ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात. बाबा ओठांकडे बघूनच अर्धं समजून घेतात, त्यामुळे हे चालणारच नाही. ॲप्टएक्स लो लेटन्सी या कमी उशिराच्या ब्लूटूथ प्रकारात उशीर सुमारे 40 मिलिसेकंद असतो, पण ते ट्रान्समीटर आणि हेडफोन दोन्हींत लागतं.

त्यापेक्षा चार्जिंग स्टँडवाला आरएफ (ब्लूटूथशिवाय, स्वतःच्या रेडिओ ट्रान्समीटरवर चालणारा) हेडफोन बरा का? घरात वयस्कर माणसासाठी कोणी वापरलाय? आईला स्पीकरचा आवाजही सोबत हवा आहे. ऑप्टिकल जोडल्यावर तो चालू राहतो का? कृपया अनुभव सांगा.