पाच जणांसाठी पूलचा (टेबलवर काठीने बॉल मारायचा तो) नवा गेम बनवतोय, नियमांत अडकलोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही अमळनेरचे, पाच जणांचा ग्रुप. संध्याकाळी एकच टेबल मिळतं आणि तेही तासावर. एट बॉल (प्रत्येकाने आपले सात बॉल टेबलच्या पॉकेटमध्ये, म्हणजे भोकात टाकायचे, मग काळा ८ नंबर) पडला दोघांचा खेळ, टीम पाडल्या तरी एक जण उरतोच, त्यात आमच्यातला एक भाऊ असा की एकदा लागला की आपले सातही उरकून ब्लॅक टाकूनच बाजूला होतो, बाकीचे भिंतीला टेकून मोबाईल बघत बसतात आणि वर टेबलचे पैसे हरणाऱ्याने द्यायचे. नाइन बॉलमध्ये नऊ नंबर टाकणारा जिंकतो, तो फ्लूकने गेला तरी चालतो म्हणून जरा जान येते, पण पाच जणांत नंबर लागेपर्यंत चहा पिऊन होतो.

म्हणून कटथ्रोट घेतला. तिघांचा गेम आहे, १ ते ५ एकाचे, ६ ते १० दुसऱ्याचे, ११ ते १५ तिसऱ्याचे, दुसऱ्यांचे घालवायचे आणि आपले वाचवायचे, ज्याचा बॉल टेबलवर उरला तो जिंकला. पाच जणांना तीन-तीन बॉल बरोबर बसतात. पण नंबर उघड असले की चौघं मिळून त्या चांगल्या खेळणाऱ्याच्याच मागे लागतात, तो सगळ्यात आधी बाहेर, मग तोंड फुगवून बसतो (आणि त्याचं चुकतं असंही नाही).

मग आम्ही चिठ्ठ्या केल्या. १५ नंबरच्या १५ चिठ्ठ्या, प्रत्येकाने तीन उचलायच्या, कोणाला दाखवायच्या नाहीत. केली पूल नावाच्या खेळातही नंबर लपवतात, पण तिथे स्वतःचा नंबर टाकला की जिंकतो, आमचं उलटं. भो, काय मजा येते! एकाने स्वतःचाच १२ नंबर कॉर्नरला सरळ टाकला, चेहऱ्यावर रेघ नाही, आणि शेवटपर्यंत त्याच्यावर कोणालाच शंका आली नाही.

आता अडलंय कुठे ते सांगतो. कटथ्रोटमध्ये व्हाइट (काठीने मारतो तो पांढरा बॉल) पॉकेटमध्ये गेला की फाऊल करणारा सोडून प्रत्येकाचा गेलेला एक-एक बॉल परत टेबलवर येतो. आमच्यात बॉल परत मागितला की नंबर उघडा पडला, मग गुपित राहिलं कुठे? दुसरं म्हणजे तिन्ही बॉल गेले तरी काही लोक गपचूप खेळतच राहतात, त्यांना आम्ही भूत म्हणतो, ते हरलेलेच असतात त्यामुळे वाट्टेल ते मारतात आणि गेमची वाट लावतात. तिसरं, जिन्याकडचं कॉर्नर पॉकेट. टेबल तिकडे उतरतं, हळू मारलेला बॉल शेवटच्या वीतभरात वळून आत जातो, रोजच्या गिऱ्हाइकांना ते पाठ आहे आणि नवा माणूस फुकट मरतो. मालकाला सांगून झालं, तो म्हणतो तुम्हीच सरळ मारा.

नवे नियम बनवायला कोणी नाकं मुरडू नका हो. स्नूकरच १८७५ मध्ये जबलपूरच्या छावणीत कंटाळलेल्या इंग्रज अफसरांनी असाच जोडून काढला, असलेल्या खेळात अजून रंगीत बॉल टाकून.

प्रतिसाद:
भाऊ, फाऊलला प्रत्येकाचा बॉल आणूच नका. शेवटी गेलेला जो बॉल असेल तो एकच परत स्पॉटवर (टेबलवरच्या खुणेवर) ठेवायचा, मालक कोण ते विचारायचंच नाही. त्याने भुताचा प्रश्नही निम्मा सुटतो, कारण त्याचा बॉल परत आला तर तो जिवंत, म्हणजे त्याला जपून खेळावं लागेल. चिठ्ठ्या मात्र गेम संपेपर्यंत खिशात, आणि शेवटी सगळ्यांनी उघडायच्या.

धागाकर्ता:
हे भारी आहे, आज ट्राय करतो. पण मग भूत मुद्दाम व्हाइट घालवून स्वतःचा बॉल परत आणेल ना? तिथे काय लावू, फाऊल करणाऱ्याची पुढची पाळी गेली असं? आणि जिन्याकडचं पॉकेट बंद करू, की तिथे बॉल टाकायचा तर आधी कुशन (टेबलची रबरी कड) लागलीच पाहिजे असं ठेवू?